बाहुलीच्या गळ्यातला ळ

बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही ते आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी स्वतःला ओळखतो, हवापाण्याचं बोलून उठून जाईन. आक्काच्या साठ बाहुल्यांच्या गळ्यात ज्या कन्नड चिठ्ठ्या लटकत होत्या आणि ज्यांच्यावर 'हातची पुरणपोळी' असं लिहिलेलं होतं, त्या मी लिहिल्या होत्या. आक्कानं नव्हे. त्याला आता चार वर्षं झाली. शहापूरपासून अनगोळपर्यंत ज्याला ज्याला ही गोष्ट ठाऊक आहे, त्याला ती आक्काची फजिती म्हणून ठाऊक आहे. ती सांगून लोक हसतात आणि मीही त्यांच्याबरोबर हसतो. जरा जास्तच हसतो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. तिला निपाणीला दिली होती. तिथं तिनं एकवीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलं. निवडायचं, चाळायचं, पोती भरायची. भावोजी गेल्यावर ती बेळगावला आली आणि शहापुरात एका विणकराच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहू लागली. मी अनगोळला राहतो. ये आमच्याकडं म्हणालो होतो. ती म्हणाली, "तुझ्या घरात मी पाहुणी हुणार, हितं मालकीण हाय." विषय संपला.

पुढच्या घरातले माग दिवसभर खडखडायचे. साडीच्या कडेचे तुकडे, सुताची टोकं, डागाळलेलं कापड असं काही उरलं की विणकराची बायको आक्काच्या दारात टाकायची, पुसायला होईल म्हणून. आक्कानं त्यातून पहिली बाहुली केली ती खरं तर पुसणंच होती. पुसण्याला तिनं डोकं बांधलं, डोक्याला डोळे शिवले आणि मग त्यानं फरशी पुसायला तिचा जीव होईना.

तिच्या बाहुल्या हातभर उंच असतात. आत जुन्या गादीचा पिंजलेला कापूस, हातापायांना बटणं लावून केलेले सांधे, केस मागावरच्या काळ्या सुताचे. नाक ती कापड चिमटीत धरून दोन टाक्यांत उभं करते. पण खरी गंमत चेहऱ्यावर असते. दुकानातली बाहुली कायम खूश असते. आक्काची एकही बाहुली हसत नाही. एकीची बस चुकलेली आहे. एकीचा बँकेच्या रांगेत नंबर आल्यावर जेवणाची सुट्टी झालेली आहे. आणि सगळ्यात जास्त आहेत त्या वखारीतल्या बायका, तोंडाला पदर घट्ट बांधलेल्या, फक्त डोळे दिसणाऱ्या, भुवया वर गेलेल्या.

"ह्या अशा का बघायल्यात?" मी एकदा विचारलं.

"शिंक यायलीय त्यास्नी," आक्का म्हणाली. "तंबाखूचा खकाणा उडाला की येत्याय, पण हातात सूप असतंय. मग अशी धरून ठेवायची."

तिनं अडवून धरलेली शिंक सुईदोऱ्यानं काढली होती. लोकांना मात्र ते कळायचं नाही. लोक म्हणायचे, कोरोनाची बाहुली काय ही? आक्का म्हणायची, "व्हय, कोरोनाची." कुणाकुणाला समजावत बसायचं.

आता माझ्याकडं येतो. मी सरकारी कचेरीत आहे, वय त्रेपन्न. शाळा मराठी, नोकरी कन्नड. खात्याची कन्नडची परीक्षा मी तिसऱ्या खेपेला पास झालो, पण कितव्या खेपेला ते कागदावर लिहिलेलं नसतं. त्यामुळं आमच्या गल्लीत कुणालाही कन्नडात अर्ज लिहायचा असला, लाइट बिलातली चूक कळवायची असली, की माझ्या दारात येतात. "अण्णा, तेवढं लिवून द्या की." मी चष्मा लावतो, पेन झटकतो. खरं सांगायचं तर गल्लीतल्या माझ्या किमतीतला निम्मा भाग त्या पेन झटकण्यात आहे.

आणि मला एक छंद आहे, जो मी आजारासारखा लपवून ठेवला होता. मी कागद कातरतो. लग्नपत्रिका, कॅलेंडरची पानं, शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा, जुन्या ब्लाउजची लेस, हे सगळं जोडून, चिकटवून, चहाच्या पाण्यात बुडवून, मधोमध एखादं बटण शिवून हाताच्या पंजाएवढी काहीतरी वस्तू करायची. त्याला टॅग म्हणतात हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तोवर मी त्याला काहीच म्हणत नव्हतो. बायको म्हणायची, "लग्नाला येत न्हाईसा, पण पत्रिका तेवढी जपून ठेवतासा." पत्रिकेवरचा गणपती मात्र मी कधी कातरला नाही. तो भोवतीनं सोडवून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. आजमितीला त्या डब्यात दोनशेवर गणपती दाटीवाटीनं बसलेत आणि त्यांचं पुढं काय करायचं हे मला माहीत नाही.

आक्काला हे ठाऊक होतं. एकदा तिनं कोल्हापूरच्या कुठल्याशा प्रदर्शनात बाहुल्यांच्या गळ्यात अशा चिठ्ठ्या बघितल्या आणि मला म्हणाली, "माझ्या बाया उघड्या वाटायल्यात रं. गळ्यातलं पायजे त्यास्नी. तू कर की." टॅगला ती 'गळ्यातलं' म्हणते, अजूनही.

मग मी रविवारी सकाळी शहापुरात जाऊन बसू लागलो. दार आतून लावून. आक्का शिवायची, मी चिकटवायचो. त्या रविवारांइतका मी दुसरीकडं कुठं सुखात असल्याचं मला आठवत नाही. एसटीची तिकिटं लावून बघितली, दोन महिन्यांत कोरी झाली. कॅलेंडरचे तारखेचे चौकोन लावले, तर एका बाईनं बाहुली हातात घेऊन परत ठेवली, कारण तिच्या चौकोनात अमावास्या होती. तेव्हापासून आक्का प्रत्येक चौकोन तपासून घ्यायची.

कुणी टॅगचं कौतुक केलं की मी म्हणायचो, सगळं आक्काच करते. पन्नाशीचा सरकारी माणूस लेस कातरत बसतो हे कचेरीत कळलं असतं तर मला तिथं तोंड दाखवायला जागा राहिली नसती, असं मला वाटायचं. हे लक्षात ठेवा, कारण कौतुक ज्या पत्त्यावर पाठवत होतो त्याच पत्त्यावर पुढं ठपका गेला.

तर त्या वर्षी निपाणीत बाहुल्या आणि शिवणकाम शिकवायचं एक केंद्र निघणार होतं, वखारीची कामं कमी झालेल्या बायकांसाठी. तिथं शिकवायला एक बाई हवी होती. ती निवडायला एक मॅडम बेळगावच्या प्रदर्शनात येणार होत्या, तीन दिवसांच्या. आक्काला ती जागा हवी होती. तिनं आयुष्यात कधी काही हवं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणून मी नीट ऐकलं.

"एकवीस वर्सं मी त्या गावात तोंड बांधून, मान खाली घालून वखारीत शिरली," ती म्हणाली. सुई चालूच होती. "एकदा खांद्याला पिशवी लावून, तोंड उघडं ठेवून जायाचं हाय. पोरीबाळींनी टीचर म्हणायला पायजे. एवढंच."

मी म्हणालो, "हुतंय बघ. साठ बाहुल्या कर. गळ्यातलं माझ्याकडं."

टॅगच्या एका बाजूला मराठीत 'हाताची शिलाई, शहापूर' आणि दुसऱ्या बाजूला तेच कन्नडात, असं ठरलं. खाली आक्काचा फोन नंबर. आणि इथं मला थोडं कन्नड सांगावं लागेल, त्याला इलाज नाही. कन्नडात शिवणकामाला होलिगे म्हणतात आणि पुरणपोळीला होळिगे. दोन्हींतला फरक नुसत्या ल आणि ळचा नाही. कन्नडात ओ दोन आहेत, एक आखूड, एक लांब. मराठीत ओ एकच आणि तो आपल्याला सगळीकडं पुरतो. आत्ता इथं मराठीत लिहितानाही मला तो फरक दाखवता येत नाहीये. शिवणकामाचा ओ आखूड, पुरणपोळीचा लांब. बोलताना मी कधी चुकलो नाही. पंक्तीत बसून कुणाला अजून एक शिवणकाम वाढा म्हणालेलो नाही. पण लिहायचं म्हटलं की माझं मराठी मन त्या ओकारापाशी अडखळतं.

पहिले वीस टॅग मी बरोबर लिहिले होते. हे मुद्दाम सांगतो. टाकानं, काळ्या शाईत, वळणदार.

दुसऱ्या दिवशी कचेरीला जाताना एका बोळाच्या तोंडाशी मला पाटी दिसली. लाल पाटी, पिवळी अक्षरं. पाटीखालचं शटर बंद, वरच्या मजल्यावर शिंप्याचं दुकान, कठड्याला शिवलेले शर्ट टांगलेले. पाटीवर तोच शब्द, पण लांब ओ आणि ळ. मी स्कूटर बाजूला घेतली, चष्मा लावला, एकेक अक्षर वाचलं. शिंप्यालाच जर आपल्या धंद्याचं नाव लिहिता येत नसेल तर कुणाला येणार? म्हणजे मी चुकत होतो. वेळेवर कळलं म्हणून देवाचे आभार मानले.

घरी येऊन ते वीस टॅग मी दाढीच्या ब्लेडनं खरवडले. पुठ्ठ्याला भोक पडू न देता जुनी अक्षरं काढायची आणि वर नवी बसवायची, हे किती नाजूक काम असतं ते करणाऱ्यालाच कळतं. बरोबर असलेले वीस शब्द मी अशा कौशल्यानं चुकीचे केले आणि बाकीचे चाळीस त्यांच्याकडं बघून लिहिले. त्या शटरच्या आत खानावळ होती आणि ती बाराला उघडायची, हे मला नंतर समजलं. मी तिथून रोज साडेनवाला जातो.

आणि आक्कानं मला अडवलं होतं. रविवारी पहिला टॅग तिच्या हातात दिला तसा तिनं तो खिडकीकडं धरला.

"हे खायाचं दिसायलंय रं."

"कुठलं खायाचं?"

"होळगीचं. निपाणीत खानावळीच्या दारावर असंच लिवलेलं असतंय बघ. मी रोज तिकडनंच जायाची."

"आक्का, तू कितवी?"

"सातवी."

"आणि मी?"

"तू सायेब हायस बाबा."

"मग?"

"मग काय. बांध गळ्यात."

साठच्या साठ मी स्वतः बांधले.

प्रदर्शनाला मी आमच्या साहेबांना बोलावलं होतं, पहिल्याच दिवशी. माझ्या बहिणीच्या बाहुल्या आहेत, बघायला या सर. खरं कारण वेगळं होतं. मला वाटत होतं की ते टॅग हातात घेतील, उलटसुलट करून बघतील, अक्षर काय सुंदर आहे म्हणतील आणि मी बाजूला उभा राहून ते गप्प ऐकेन. इतका साधा लोभ होता.

सकाळी पहिले गिऱ्हाईक आले ते बैलहोंगलकडचे एक म्हातारे गृहस्थ, पांढरीशुभ्र टोपी. त्यांनी एका बाहुलीच्या गळ्यातलं वाचलं, तिला खाली ठेवलं, दुसरीचं वाचलं. मग टेबलाच्या मागं डोकावले.

"होळिगी एल्ली अदाव री?" होळिग्या कुठं आहेत?

मी कन्नडात म्हणालो, "आजोबा, ह्या बाहुल्या आहेत."

"बाहुल्या मला दिसतायत," ते शांतपणे म्हणाले. "होळिगी आजच्या की कालच्या?"

मला वाटलं, वय झालंय. त्यांच्या पाठोपाठ एक बाई आल्या. त्यांच्या घरी मुंज होती. दीडशे मिळतील का, आणि तूप तुम्ही लावून देता की आम्ही लावायचं? तिसऱ्यानं सरळ विचारलं, एका होळिगीवर एक बाहुली फुकट आहे का. शेजारच्या टेबलावर विणलेल्या पिशव्या घेऊन बसलेली बाई आक्काला म्हणाली, "आक्का, खायाचं हिकडं ठेवायचं न्हाय म्हणून सांगिटलंय न्हवं? तिकडं मागं हाय की जागा. वास लागतोय आमच्या कपड्यास्नी." वास कसला तिला लागत होता देव जाणे. तेवढ्यात व्यवस्थेतला एक माणूस आला आणि थेट टेबलाखाली वाकून गॅस शोधू लागला.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी एक टॅग हातात घेऊन हळूहळू वाचला, पहिलीतल्या पोरासारखा, एकेक अक्षर. हातची पुरणपोळी, शहापूर. समोर साठ बाया ओळीनं उभ्या. कुणाची बस चुकलेली, कुणी शिंक धरून ठेवलेली, आणि प्रत्येकीच्या गळ्यात पुरणपोळीची जाहिरात. शिंक धरलेल्यांचा चेहरा तर आता वेगळाच दिसायला लागला, जणू त्या माझ्याकडं बघून हसू आवरतायत.

मी गळ्यातली काढून खिशात टाकायला सुरुवात केली. बारा झाली. तेराव्याला हात घातला तेव्हा समोरून मॅडम आल्या आणि त्यांच्या शेजारून, बोलत बोलत, आमचे साहेब. दोघांची जुनी ओळख निघाली होती.

मॅडमना बाहुल्या आवडल्या. हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. वखारीतली एक बाहुली त्यांनी उचलली, डोळे बघितले आणि आपणहून विचारलं, "हिला शिंक येतेय का?" इतक्या दिवसांत हे ओळखणाऱ्या त्या पहिल्याच. आक्कानं पदर सारखा केला. मग मॅडमनी गळ्यातलं उलटून वाचलं.

त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत. खूप हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि साहेबांनाही दाखवलं. साहेबही हसले. हसू ओसरल्यावर मॅडमनी कन्नडात विचारलं, "पण हे लिहिलं कुणी?"

माझ्या खिशात बारा टॅग होते. साहेब माझ्याकडं बघत होते, सहज, जसं शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडं बघतात तसे. त्या आठवड्यातच त्यांनी मला एक मोठं पत्र कन्नडात तयार करायला दिलं होतं, तुमच्यावर माझा भरवसा आहे म्हणून. तोंड उघडायला मला किती वेळ मिळाला होता ते मी पुष्कळदा मोजून बघितलंय. पुरेसा होता. एखादा माणूस तेवढ्या वेळात नाव, गाव आणि सगळा गुन्हा सांगून वर माफीही मागू शकला असता. मी टेबलावरचं कापड सरळ केलं.

"मी लिवलं, मॅडम," आक्का म्हणाली. कन्नडातच म्हणाली, निपाणीच्या बाजारातल्या खणखणीत कन्नडात. "तप्पातु री." चुकलं.

दोन्ही ओ तिला बोलताना आणि वाचताना येत होते, पण ते त्या क्षणी कुणाच्या ध्यानात येणार?

मॅडम म्हणाल्या, काही हरकत नाही, बाहुल्या फार छान आहेत. पण केंद्रात हजेरी लिहावी लागते, रोज काय शिकवलं ते लिहून वर पाठवावं लागतं, सगळं कन्नडात. बघू.

साहेब मला म्हणाले, "अहो, तुम्ही एवढं कन्नड जाणता, घरच्या माणसाला जरा शिकवा की."

आणि मी म्हणालो, "शिकवतो, सर."

गप्प राहणं एक वेळ भित्रेपणा म्हणून सोडून देता येईल. हे दोन शब्द मात्र मी स्वतः, न विचारता, वरून घातले.

संध्याकाळी रिक्षात आक्का मांडीवर बाहुल्यांचं गाठोडं घेऊन बसली होती. तिनं गाठोड्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "खिशात काय फुगलंय रं?"

"काय न्हाय."

"काढ भाईर. चुरगळतील."

मी काढले. तिनं एकेक सरळ करून बटव्यात ठेवले. त्याच्यावर आमचं तेवढंच बोलणं झालं. नंतर कधीच नाही, आजपर्यंत.

निवड झाली ती लोकरीची तोरणं विणणाऱ्या एका बाईची. तिचं कन्नड अक्षर सुंदर होतं. बाहुल्या तिला येत नव्हत्या. त्या ती तिथं गेल्यावर शिकली म्हणे.

पुढचं सगळं हसण्यासारखंच झालं, आणि मी सांगतो तेव्हा लोक हसतातही. साहेब दर सोमवारी विचारायचे, "काय, बहिणीचं कुठवर आलं?" दोनदा थाप मारली. तिसऱ्यांदा त्यांनी वही बघायला मागितली. तेव्हा मला शहापुरात जाऊन आक्काला म्हणावं लागलं की, मी तुला कन्नड शिकवतो.

तिनं सुई थांबवून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "शिकीव की."

रविवारी सकाळी दार उघडं ठेवून शिकवणी सुरू झाली. विणकराची बायको आणि आणखी दोघीतिघी उंबऱ्यात येऊन बसायच्या, करमणूक म्हणून. आक्का पाटी मांडीवर घेऊन ताठ बसायची आणि मला 'सर' म्हणायची.

"सर, ह्याला लांब हाय का आखूड?"

"आखूड."

"लांब असंल बगा, सर."

मी पुस्तकात बघायचो. लांब असायचं.

"व्हय, लांब," मी म्हणायचो.

"सर लई दमल्यात," ती उंबऱ्यातल्या बायकांना सांगायची. "हापिसात काम लई असतंय त्यास्नी."

बायका माना हलवायच्या. चौथ्या रविवारी मी तिला वहीत पाच ओळी लिहायला सांगितल्या आणि तिनं लिहिल्या त्यात एकही चूक सापडेना. साहेबांनी वही बघितली आणि माझी पाठ थोपटली. महिन्याभरात अशी प्रगती म्हणजे शिकवणारा चांगला असला पाहिजे. मी ती थाप पाठीवर घेतली. आणखी काय काय घेतोय मी असं तेव्हाही मनात आलं होतं, पण मी जागेवर जाऊन बसलो.

फोन मात्र थांबेनात. टॅगवर नंबर होता आणि प्रदर्शनात काही बाहुल्या गळ्यातल्यासकट गेल्याच होत्या. लोक होळिगी मागायचे. पहिल्या चारपाच जणांना आक्कानं चूक झाली म्हणून सांगितलं. सहावी त्या मुंजीच्या घरची बाई निघाली आणि ती ऐकूनच घेईना. आक्कानं डाळ शिजत घातली. दीडशे पोळ्या लाटल्या, डब्यांत भरल्या, आणि प्रत्येक डब्याला माझा एक टॅग बांधला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"वाया कशाला घालवायचं? तू रातंदिस बसून केलंयस. आता बरोबर हाय की त्याच्यावर लिवलेलं."

लेस, बटण, चहात बुडवलेला कागद, टाकाचं अक्षर. डब्यावर फार सुरेख दिसत होतं. पोळी तर अशी होती की मी सात खाल्ल्या. त्या दिवसापासून गल्लीत तिला होळगी आक्का म्हणतात. हाक मारताना त्यांना काही वाईट म्हणायचं नसतं. तिचीही तक्रार नसते. सणासुदीला मागणी असते, पाटा-वरवंटा जाऊन मशीन आलं. बाहुल्या करायला वेळ उरत नाही. वर्षाकाठी दोन-तीन होतात, त्याही लहान. त्यांच्या गळ्यात काही नसतं. मी विचारलं नाही आणि तिनं मागितलं नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडं बसलो होतो तेव्हा फोन आला. तिनं तो पिठाच्या हातानं धरायला नको म्हणून स्पीकरवर ठेवला. निपाणीच्या केंद्रातून होता. तोरणवाली बाई मुलाकडं पुण्याला राहायला निघालीय, जागा रिकामी होतेय. मॅडमना ती शिंकणारी बाहुली अजून आठवते. तुम्ही येता का, पुढच्या महिनाअखेरीला ठरवायचं आहे.

आक्का म्हणाली, "मला लिवता कुटं येतंय? मॅडमनी बघिटलंय की." आणि नमस्कार सांगून फोन बंद केला.

मी म्हणालो, "का न्हाय म्हणालीस गं?"

"हजेरी कोण लिवणार तितं?"

"तुला येतंय की. माझ्यापरीस चांगलं येतंय."

"ते कुणाला म्हाईत हाय?" ती म्हणाली आणि उंडा हातावर फिरवू लागली. रागानं म्हणाली नाही. पिठात मीठ आहे का विचारावं तसं म्हणाली.

मी घरी आलो. बायकोनं विचारलं, तोंड असं का झालंय. मी म्हणालो, पोळ्या जास्त झाल्या.

तेव्हापासून दोन रविवार गेले. मॅडमचा नंबर मी मिळवलाय. एकदा लावलाही, पण वाजायच्या आत बंद केला. मग हे लिहायला बसलो, असं समजून की लिहिलं म्हणजे झालं. पण मॅडमना मराठी वाचता येत नाही, आणि साहेब मराठी वाचण्याचा संभव नाही. आक्का वाचते, पण तिला ह्यातलं काहीच नवीन नाही. म्हणजे हे लिहून मी अजून काही फेडलेलं नाही. केंद्राची जागा अजून भरलेली नाही.

आक्काचं मी एक वाक्य देणं लागतो. मॅडमसमोर उभं राहून, कन्नडात, साहेबांनाही तिथं बोलावून आणि आक्का शेजारी असताना म्हणायचं: तो शब्द मी लिहिला होता, हिनं मला तो चुकीचा आहे म्हणून सांगितलं होतं, हिला कन्नड लिहिता येतं. ते मी अजून म्हटलेलं नाही.